कर नाही त्याला डर कशाला?



मागच्या भाषणात आपण गटाच्या कर्जाचं व्याज कसं मोजायचं ते पाहिलं. आजचा विषय पैशांचा नाही, पण निघाला आहे तो गटाच्या बैठकीतूनच. सरकारचा हात आपल्या घरात किती आतपर्यंत येऊ शकतो, आणि कुठे त्याला थांबावं लागतं, हा तो विषय. ऐकायला मोठा वाटेल, म्हणून आम्ही एका ताईंच्या अनुभवापासून सुरुवात करतो. ताईंना विचारूनच सांगतोय. त्यांचं नाव आणि गाव मात्र सांगणार नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरची गोष्ट. कापूस वेचणीचे दिवस होते. ताई ज्यांच्या शेतात वेचणीला जात, त्यांच्या आखाड्यावरून कापसाची काही गाठोडी चोरीला गेली. मालकाने पोलिसांत तक्रार दिली. त्याच दिवशी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास ताई भाकरी थापत होत्या, तेव्हा एक पोलीस दारात आला. म्हणाला, "साहेबांनी बोलावलंय, पाच मिनिटांचं काम आहे." ताईंचे यजमान कामासाठी बाहेरगावी होते. घरात सासूबाई आणि दोन मुलं. ताई घाबरल्या. शेजारचे एक काका म्हणाले, "अगं, कर नाही त्याला डर कशाला? जाऊन ये." ताई त्या पोलिसाच्या मोटारसायकलवर मागे बसून ठाण्यावर गेल्या. सगळ्या गल्लीने पाहिलं.

ठाण्यात त्यांना कुणी वाईट बोललं नाही की हात लावला नाही. बाकावर बसवून ठेवलं आणि रात्री दहाला तीन प्रश्न विचारले. वेचणीला कोण कोण होतं, गाठोडी कुठे ठेवली होती, शेवटी कोण निघालं. अकरा वाजता त्या घरी परत आल्या. म्हटलं तर काहीच घडलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी गल्लीत एकच वाक्य फिरत होतं, "रात्री ठाण्यावर जाऊन आली." यजमानांचा फोन आला, तोही त्याच सुरात. पुढचे पंधरा दिवस ताईंना कुणी वेचणीला बोलावलं नाही. ऐन हंगामातली पंधरा दिवसांची मजुरी गेली. त्या बैठकीला यायच्या बंद झाल्या. बचतीचे पैसे मुलीच्या हातून पाठवायच्या. आम्हांला हे सगळं महिन्याभराने कळलं.

आता खरं सांगायचं तर आम्हीही तेव्हा असंच म्हणालो, "काय करणार ताई, पोलिसांनी बोलावलं की जावंच लागतं." आमच्यातल्या काही जणी बी.ए. झालेल्या आहेत. मूलभूत हक्कांवर दहा मार्कांचं उत्तर आम्ही परीक्षेत लिहून आलो आहोत. पण त्या उत्तराचा आणि ताईंच्या त्या रात्रीचा काही संबंध आहे, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. आणि जे आम्ही बोललो ते चुकीचं होतं. जावंच लागतं, असं कायदा म्हणत नाही.

पुढे आम्ही तीन-चार जणी तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात विधी सेवा समितीच्या कार्यालयात गेलो. तिथल्या वकीलबाईंनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि एक साधा प्रश्न विचारला, "ताईंना कशासाठी बोलावलं होतं? संशयित म्हणून की साक्षीदार म्हणून?" आम्हांला उत्तर देता येईना. मैत्रिणींनो, पहिली गोष्ट समजून घ्यायची ती हीच. पोलीस दारात आले तर आधी विचारायचं, "मला कशासाठी बोलावताय?" कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

ताईंना माहिती विचारायची होती, म्हणजे त्या साक्षीदार होत्या. साक्षीदार बाईच्या बाबतीत कायदा अगदी स्पष्ट आहे. 1 जुलै 2024 पासून देशात भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी ती आली. तिचं कलम 179 सांगतं, की तपास करणारा पोलीस अधिकारी माहितगार माणसाला चौकशीसाठी बोलावू शकतो, पण त्यासाठी लेखी आदेश हवा. आणि कुठल्याही स्त्रीला, पंधरा वर्षांखालच्या मुलाला, साठ वर्षांवरच्या पुरुषाला, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्तीला, ती जिथे राहते त्याशिवाय दुसऱ्या ठिकाणी यायला भाग पाडता येत नाही. म्हणजे पोलिसांनी आपल्या घरी यायचं आणि तिथे विचारायचं. बाई स्वतःहून ठाण्यावर यायला तयार असेल तर ती जाऊ शकते. पण ती तयारी तिची असली पाहिजे. "पाच मिनिटांचं काम आहे, चला," याला तयारी म्हणत नाहीत.

हा नियम काही 2024 साली नव्याने आलेला नाही. जुन्या कायद्यातही स्त्रियांसाठी तो होता, कलम 160 मध्ये. आणि तो मोडला गेला तो फक्त आपल्यासारख्या साध्या बायांच्या बाबतीत, असंही नाही. नंदिनी सत्पथी या ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री. ओडिया भाषेतल्या लेखिकाही होत्या. 1977 साली एका चौकशीसाठी त्यांना पोलीस ठाण्यावर बोलावून प्रश्नांची यादी हातात दिली गेली. त्यांनी उत्तरं द्यायला नकार दिला, तर त्याबद्दलच त्यांच्यावर खटला भरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1978 साली न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. स्त्रीला असं ठाण्यावर बोलावणं हा कायद्याचा भंग आहे. आणि ज्या उत्तराने माणूस स्वतःच गुन्ह्यात अडकेल, ते उत्तर न देण्याचा हक्क त्याला पोलिसांच्या चौकशीतही आहे, फक्त कोर्टात नाही. संविधानाच्या कलम 20 मध्ये हा हक्क आहे. एक माजी मुख्यमंत्री ठाण्यावर बसवली जाते, तर कापूस वेचणाऱ्या बाईचं काय, असं कुणी म्हणेल. पण तिने प्रश्न लावून धरला म्हणून उत्तर मिळालं, आणि ते उत्तर आपल्यालाही लागू आहे.

आता कुणी म्हणेल, ठाण्यावर गेलं तर एवढं काय बिघडतं? पोलीस काय खातात का? मैत्रिणींनो, हा नियम असाच कुणाला सुचला म्हणून केलेला नाही. तो न पाळल्यामुळे काय होऊ शकतं, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे.

1972 सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेलं आणि तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात असलेलं देसाईगंज. एका तक्रारीच्या निमित्ताने एका आदिवासी मुलीला रात्री तिथल्या पोलीस ठाण्यावर आणलं गेलं. बरोबर आलेल्या नातेवाइकांना बाहेर काढलं, तिला आत थांबवून घेतलं. ठाण्यातच तिच्यावर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवलं. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नाही, असं त्याचं कारण दिलं. रात्रीच्या वेळी, ठाण्यात, वर्दीसमोर एका पोरीने आरडाओरडा करायला हवा होता!

1979 साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सर्वोच्च न्यायालयाला उघड पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार. रात्री ठाण्यावर बोलावलेली गरीब मुलगी गप्प राहिली म्हणजे ती राजी होती, असं कसं म्हणता, हा त्यांचा सवाल होता. त्यावरून 1980 साली मुंबईसह देशभर बायका रस्त्यावर उतरल्या. 1983 साली कायदा बदलला. पोलीस कोठडीत किंवा सरकारी ताब्यात असलेल्या स्त्रीवरचा अत्याचार हा वेगळा आणि जास्त गंभीर गुन्हा ठरला. अशा खटल्यात, संबंध आल्याचं सिद्ध झाल्यावर, स्त्रीने आपली संमती नव्हती असं सांगितलं तर न्यायालयाने ते धरून चालायचं, असा नियम झाला. त्या मुलीला स्वतःला न्याय मिळाला नाही. पण आज तुम्हा-आम्हाला जे संरक्षण आहे, त्याचा पाया तिच्या त्या रात्रीत आहे.

तर "कर नाही त्याला डर कशाला" या म्हणीचा हा खुलासा. म्हण खोटी नाही. चोराला डर असते आणि सज्जनाला नसावी, हे बरोबरच. पण जिच्याकडे काही चूक नाही तिलाही डर वाटते, कारण समोरच्याच्या हातात काठी आहे, कुलूप आहे आणि सरकारचा शिक्का आहे. ती डर कमी करायची तर त्या हाताला मर्यादा घालावी लागते. राज्यघटनेने तेच केलं आहे.

घटनेचं कलम 21 एवढंच सांगतं, की कायद्याने ठरवून दिलेल्या पद्धतीशिवाय कुणाचंही जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य काढून घेता येणार नाही. यात "कुणाचंही" हा शब्द लक्षात ठेवायचा. हे कलम आपल्याला स्वातंत्र्य देत नाही. स्वातंत्र्य आपलं आहेच. सरकारने ते कधी आणि कसं रोखायचं, याला ते अट घालतं. गटाचं उदाहरण घ्या. गटाच्या पेटीत पैसे सगळ्यांचे असतात, अध्यक्षबाईंचे नाहीत. अध्यक्ष आणि सचिव बँकेतून पैसे काढू शकतात, पण ठराव लागतो, सह्या लागतात, रजिस्टरला नोंद लागते. ही बंधनं आपण त्यांच्यावर अविश्वास म्हणून घातलेली नाहीत. ज्याच्या हातात अधिकार, त्याच्यावर नोंदीचं बंधन, एवढाच त्याचा अर्थ. पोलिसांचा लेखी आदेश म्हणजे तसाच ठराव समजा.

पण मग सरकारने वाटेल तसा कायदा केला तर? कायद्याने ठरवलेली पद्धत आहे म्हटल्यावर संपलंच की! हा प्रश्न आपल्या देशात खरोखर उभा राहिला. जून 1975 ते मार्च 1977 आणीबाणी होती. हजारो लोकांना खटल्याशिवाय तुरुंगात टाकलं. आपल्या मृणाल गोरे, जिला मुंबईत पाणीवाली बाई म्हणत, त्या तुरुंगात होत्या. कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलणाऱ्या दुर्गाबाई भागवतांनाही अटक झाली. नसबंदीची सक्ती झाली. 1976-77 या एका वर्षात देशात ऐंशी लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर 1976 साली तीन मुलांनंतर सक्तीने नसबंदी करण्याचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून तो कायदा झाला नाही. विचार करा, लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाने रीतसर मतदान करून माणसाच्या शरीरावर सक्ती करायचं ठरवलं होतं.

त्याच काळात अटकेतल्या लोकांनी न्यायालयाकडे दाद मागितली. एप्रिल 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी सांगितलं, की आणीबाणी चालू असताना अशी दाद मागता येणार नाही. एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्नांनी विरोधी निकाल लिहिला. पुढच्या वर्षी सरन्यायाधीश होण्याची पाळी त्यांची होती. सरकारने त्यांना डावलून त्यांच्यापेक्षा कनिष्ठ न्यायमूर्तींना नेमलं, आणि खन्नांनी राजीनामा दिला. त्या चौघांत पुण्याचे न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. तब्बल 41 वर्षांनी, ऑगस्ट 2017 मध्ये, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला आणि 1976 चा तो निकाल चुकीचा ठरवून रद्द केला. ते रद्द करणारं निकालपत्र लिहिलं त्यांचे चिरंजीव न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी.

आणीबाणी उठल्यावर आणखी दोन गोष्टी झाल्या होत्या. 1978 साली मनेका गांधी यांचा पासपोर्ट जप्त केल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नुसती पद्धत कायद्यात लिहून चालणार नाही, ती पद्धत न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे. आणि 44 व्या घटनादुरुस्तीने ठरलं, की यापुढे आणीबाणी आली तरी कलम 20 आणि 21 चे हक्क स्थगित करता येणार नाहीत.

आता पुन्हा आपल्या दाराशी येऊ. समजा साक्षीदार म्हणून नाही, एखाद्या बाईवर संशयच आहे. तर काय? तर पोलिसांना अधिकार आहेत, आणि असायलाच हवेत. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या बहुतेक गुन्ह्यांत लगेच अटक न करता ते नोटीस देऊ शकतात. ती नोटीस आली तर मात्र हजर राहायचं, टाळाटाळ करायची नाही. नोटीस पाळणाऱ्या व्यक्तीला कारण लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. न पाळणाऱ्याला करता येते. इथे "आम्ही येणार नाही" म्हणून चालत नाही. वकिलाला बरोबर घ्यावं.

आणि अटकच करायची असेल तर नियम असे आहेत. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत स्त्रीला अटक करायची नाही. अगदीच अपवादाची परिस्थिती असेल, तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन आधी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. अटक करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर त्याचं नाव स्पष्ट दिसलं पाहिजे. अटकेचा कागद तिथेच करायचा, त्यावर घरच्या किंवा गावातल्या एका माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्यायची. अटक का केली ते सांगायचं, आणि आपण सांगू त्या नातेवाइकाला किंवा मैत्रिणीला कळवायचं. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच घ्यायची, मर्यादा सांभाळून. वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरने किंवा तिच्या देखरेखीखाली. चौकशीच्या वेळी वकिलाला भेटता येतं. पूर्ण वेळ तो शेजारी बसू शकणार नाही, पण भेटता येतं. आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचं. हे शेवटचं तर थेट घटनेच्या कलम 22 मध्ये आहे. स्थानबद्धतेच्या कायद्यांना त्यात अपवाद ठेवलेला आहे, हेही माहीत असावं.

हे नियम कसे आले तेही ऐका. यांतले काही एकेका पत्रातून आले आहेत. शीला बर्वे नव्हे, शीला बारसे. नाव नीट ऐका, कारण आपण ते विसरू नये. त्या मुंबईच्या पत्रकार. मुंबईच्या तुरुंगात त्यांनी पंधरा स्त्री कैद्यांशी बोलणं केलं. त्यांतल्या पाच जणींनी सांगितलं, की पोलीस कोठडीत आम्हांला मारहाण झाली. शीलाताईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं, आणि मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. अर्माइती देसाई यांना तुरुंगात जाऊन पाहणी करायला सांगितलं. 1983 साली निकाल आला. स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, तिथे महिला पोलिसांचा पहारा, महिला पोलिसासमोरच चौकशी, आणि अटक झाली की लगेच कायदेशीर मदत समितीला कळवणं. पुढे पश्चिम बंगालमधल्या डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंबद्दल असंच पत्र लिहिलं, आणि डिसेंबर 1996 मध्ये अटकेच्या वेळी पाळायचे अकरा नियम ठरले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या कलमाला घटनेचा आत्मा म्हटलं, ते कलम 32 हेच आहे. मूलभूत हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयाचं दार वाजवायचा हक्क. ते दार एका पोस्टाच्या पत्रानेही वाजू शकतं.

आता इथे एक गैरसमज नको. पोलीस नकोत, सरकार नको, असं आम्ही म्हणत नाही. आपल्या कितीतरी जणींना घरातल्या माराविरुद्ध पोलिसांचाच आधार लागतो. 2005 चा घरगुती हिंसाचार विरोधी कायदा आला, तेव्हाही काही जण म्हणाले होते, सरकार आता आमच्या घरात शिरणार का? हो, शिरणार. कारण घराच्या आत बाईचं स्वातंत्र्य दुसरं कुणी हिरावून घेत असेल, तर ते वाचवायला सरकारच लागतं. म्हणजे सरकारचा हात लांब हवा की आखूड, हा प्रश्न नाही. तो ज्या कामासाठी आला त्यासाठीच आला का, कायद्याच्या वाटेने आला का, आणि त्याची नोंद झाली का, हे बघायचं.

आणि एक गोष्ट आमच्याबद्दल. हा विषय बैठकीत निघाला तेव्हा मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "पोलिसांचं सांगताय, पण हप्ता थकला की तुम्ही दहा जणी मिळून तिच्या दारात जाऊन बसता, तेव्हा ती काय करते?" आम्ही गप्प झालो. कारण ते खरं होतं. एका मैत्रिणीच्या घरी आम्ही संध्याकाळी गेलो होतो, मोठ्याने बोललो होतो, तिच्या सासरच्यांसमोर. आमच्याकडे वर्दी नव्हती, पण दहा जणींची संख्या होती आणि कर्जाचं रजिस्टर होतं. तेवढी सत्तासुद्धा समोरच्या बाईला पुरेशी वाटते. त्या दिवशी आम्ही ठराव केला. थकबाकीसाठी घरी जायचं तर दोघींनीच, दिवसा, आधी सांगून. घरातल्या माणसांसमोर रक्कम बोलायची नाही. आणि कुणाच्या घरातल्या भांड्याला हात लावायचा नाही. पोलिसांनी लेखी द्यावं म्हणून आग्रह धरायचा, तर आधी आपलं वागणं तसं हवं.

त्या ताईंचं पुढे काय झालं? दोन महिन्यांनी त्याच चोरीच्या तपासासाठी पुन्हा एक पोलीस आला. वेळ संध्याकाळचीच. या वेळी सासूबाईंनी नातवाला पळवत आमच्याकडे पाठवलं. आम्ही पाच जणी जाऊन ओट्यावर उभ्या राहिलो. भांडण केलं नाही. ताईच बोलल्या. आवाज थोडा कापत होता. म्हणाल्या, "साहेब, मी साक्षीदार आहे ना? मग लेखी आदेश द्या आणि उद्या दिवसा घरीच या. मला माहीत आहे तेवढं सगळं सांगते." पोलीस थोडा वेळ बघत राहिला. म्हणाला, "कायदा शिकवता का?" ताई म्हणाल्या, "शिकवत नाही साहेब, नुकताच शिकलेय." तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला जमादार आणि एक महिला पोलीस आले. ओट्यावर बसून, चहा घेऊन, वीस मिनिटांत जबाब लिहून गेले. गल्लीने तेही पाहिलं.

सगळीकडे असंच होईल, असं आम्ही सांगणार नाही. कधी अरेरावी होईल, कधी ऐकलं जाणार नाही. ओढाताण झाली तर हातघाईवर यायचं नाही. बरोबर कुणीतरी जायचं, तारीख, वेळ आणि नाव लिहून ठेवायचं आणि दुसऱ्याच दिवशी विधी सेवा समितीकडे जायचं. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठीचा फोन नंबर आहे 15100. तातडीच्या मदतीसाठी 112.

म्हणून आज प्रत्येक गटाने रजिस्टरच्या मागच्या पानावर चार ओळी लिहून ठेवा. पहिली, मला कशासाठी बोलावताय, साक्षीदार म्हणून की संशयित म्हणून? दुसरी, लेखी दाखवा. तिसरी, साक्षीदार असेन तर घरी विचारा. चौथी, 15100. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याकडून पाठ करून घ्या. आणि रात्री गल्लीत कुणाच्या दारात पोलीस दिसले, तर खिडकी लावून घेण्याऐवजी ओट्यावर येऊन उभ्या राहा. काही बोलायची गरज नाही. नुसतं उभं राहिलं तरी पुरतं.